रक्तात वाढलेल्या कॅल्शियमकडे दुर्लक्ष नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत कॅल्शियमची कमतरता, हाडांची ठिसूळता आणि ड जीवनसत्त्व या विषयांवर वेळोवेळी लेख येतात आणि ते उपयुक्तही असतात. मात्र हेच कॅल्शियम रक्तात प्रमाणाबाहेर वाढले तर काय होते, याविषयी सर्वसामान्य वाचकाच्या वाचनात फारसे काही येत नाही. पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत रक्ताचे अहवाल तपासून त्यांवर सही करण्याचे काम मी अनेक वर्षे केले, त्यामुळे या विषयाकडे माझे लक्ष कायम राहिले आहे. कॅल्शियम कमी आले की घरातले सगळे काळजीत पडतात. जास्त आले की ‘हाडे तरी मजबूत आहेत’ असे म्हणून अहवाल फायलीत ठेवून दिला जातो. हा समज चुकीचा तर आहेच, पण काही रुग्णांच्या बाबतीत तो जिवावर बेतू शकतो, म्हणून हे पत्र.

शरीरातील सुमारे 99 टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. रक्तात आणि इतर पेशींत मिळून जेमतेम 1 टक्का राहते आणि तेवढ्यावरच चेतातंतूंचे संदेशवहन, स्नायूंचे आकुंचन, हृदयाचे ठोके आणि रक्त गोठण्याची क्रिया अवलंबून असते. त्यामुळे शरीर रक्तातले हे प्रमाण अतिशय काटेकोरपणे सांभाळते. प्रौढ व्यक्तीत ते साधारणपणे 8.5 ते 10.5 मिलिग्रॅम प्रति डेसीलीटर एवढे असते. प्रयोगशाळेनुसार या मर्यादा किंचित बदलतात. अहवालातला हा आकडा हाडांत किती कॅल्शियम साठले आहे ते सांगत नाही. उलट तो वाढतो तेव्हा जास्तीचे कॅल्शियम पुष्कळदा हाडांतूनच निघून रक्तात उतरलेले असते, म्हणजे ज्या अहवालावरून हाडे मजबूत समजली जातात, त्याच अहवालामागे हाडांची झीज चाललेली असू शकते.

हे प्रमाण सांभाळण्याचे मुख्य काम गळ्यात थायरॉइडच्या मागे असलेल्या, मसुराच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी करतात. रक्तातले कॅल्शियम थोडे जरी उतरले तरी या ग्रंथी आपले संप्रेरक सोडतात. त्याच्या प्रभावाने हाडांतून कॅल्शियम सुटते, मूत्रपिंडे लघवीतून जाणारे कॅल्शियम रोखून धरतात आणि ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप जास्त तयार होऊन आतड्यांतूनही कॅल्शियम अधिक शोषले जाते. कॅल्शियम पुरेसे झाले की ग्रंथींनी हात आवरायचा असतो. निदानाचा पुढचा सगळा विचार याच एका गोष्टीवर उभा आहे, म्हणून ती वाचकांनी ध्यानात ठेवावी: कॅल्शियम वाढलेले असताना पॅराथायरॉइड संप्रेरक खाली गेलेले असले पाहिजे.

कॅल्शियम वाढण्याची कारणे अनेक असली, तरी दहापैकी सुमारे नऊ रुग्णांत दोनच कारणांपैकी एक सापडते: पॅराथायरॉइड ग्रंथींचा अतिरेक किंवा कर्करोग. घरून येऊन नेहमीची तपासणी करून घेणाऱ्या, चालत्याफिरत्या माणसांत पहिले कारण अधिक आढळते, तर रुग्णालयात दाखल असलेल्यांत दुसरे. पॅराथायरॉइडच्या विकारात बहुतेक वेळा चारपैकी एकाच ग्रंथीत एक गाठ असते. ती जवळजवळ नेहमीच साधी, कर्करोगाची नसलेली असते, पण रक्तातल्या कॅल्शियमची दखल न घेता ती संप्रेरक सोडत राहते. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांना, विशेषतः पाळी थांबल्यानंतरच्या वयात, अधिक होतो; नेमक्या याच वयात थकवा, हाडांचे दुखणे आणि उदासी यांचे खापर वयावर फोडणे सोपे असते.

या विकाराच्या इतिहासातला एक प्रसंग इथे सांगण्याजोगा आहे. 1925 मध्ये व्हिएन्ना येथे फेलिक्स मांडल या शल्यविशारदांकडे हाडे पोखरली गेलेला एक ट्राम कंडक्टर उपचार घेत होता. पॅराथायरॉइड कमी पडत असल्यामुळे हाडे झिजतात असे तेव्हा अनेकांना वाटे, म्हणून मांडल यांनी आधी त्याला या ग्रंथींचा अर्क दिला आणि दुसऱ्याच्या ग्रंथीचे रोपणही करून पाहिले. काहीच गुण आला नाही. मग त्यांनी गळा उघडून आतली वाढलेली ग्रंथी काढली आणि रुग्णाला उतार पडला. त्या काळी हाडे मोडल्यावर किंवा वारंवार मुतखडे झाल्यावरच हा आजार लक्षात येई. 1970च्या दशकात रक्ताच्या अनेक चाचण्या एकाच वेळी करणारी स्वयंचलित यंत्रे प्रचारात आली आणि तेव्हापासून काहीही त्रास नसलेल्या माणसाच्या अहवालातही वाढलेले कॅल्शियम दिसू लागले. हा आजार लवकर ओळखण्याची अशी सोय हाताशी असताना तिचा उपयोग न होणे मला फार खटकते.

कर्करोगात कॅल्शियम दोन-तीन वाटांनी वाढते. फुफ्फुस, घसा, मूत्रपिंड यांसारख्या अवयवांतले काही कर्करोग पॅराथायरॉइड संप्रेरकासारखेच काम करणारे प्रथिन तयार करतात. स्तनाचा कर्करोग हाडांत पसरला किंवा अस्थिमज्जेत मायलोमा हा कर्करोग झाला, तर हाडे जागोजागी विरघळून त्यांतले कॅल्शियम रक्तात येते. अशा रुग्णांत हे प्रमाण सहसा झपाट्याने, काही आठवड्यांतच चढते आणि माणूस लवकर खचतो.

यांखेरीज क्षयरोग आणि सार्कॉइडोसिस (फुफ्फुसांत व इतर अवयवांत सुजेच्या बारीक गाठी होणारा आजार) यांत सुजलेल्या पेशीच ड जीवनसत्त्व परस्पर सक्रिय करू लागतात. थायरॉइडचा अतिरेक, अधिवृक्क (मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल) ग्रंथींची कमजोरी, दीर्घकाळ अंथरुणाला खिळून राहणे, अ जीवनसत्त्वाचा अतिरेक हीदेखील कारणे आहेत, पण ती तुलनेने विरळ. मला अधिक बोलायचे आहे ते औषधांबद्दल, कारण हे कारण पूर्णपणे टाळता येण्यासारखे आहे.

वाढलेल्या कॅल्शियमची खात्री करण्यासाठी नमुना पुन्हा द्यायला येणाऱ्या रुग्णांना मी घरातली सगळी औषधे पिशवीत घालून आणायला सांगत असे. पिशवी टेबलावर रिकामी केली की पुष्कळदा तिथेच उलगडा होई. हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची गोळी, दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली त्याच घटकांची पण वेगळ्या नावाची गोळी, पित्तासाठी मनाने घेतलेल्या कॅल्शियम कार्बोनेटच्या चघळायच्या गोळ्या, रक्तदाबासाठी थायझाइड गटातले औषध आणि आठवड्यातून एकदाच घ्यायची, पण गैरसमजाने रोज घेतली जाणारी ड जीवनसत्त्वाची मोठी मात्रा. यांतले प्रत्येक औषध आपापल्या जागी योग्य असेल, पण सगळी मिळून काय करतात हे कोणीच पाहिलेले नसते. थायझाइडमुळे लघवीतून कॅल्शियम कमी जाते आणि मनोविकारात दिले जाणारे लिथियम पॅराथायरॉइडचे नियमन बिघडवू शकते. ड जीवनसत्त्व चरबीत साठते, त्यामुळे गोळ्या बंद केल्यावरही त्याच्या अतिरेकाचा परिणाम कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने टिकतो. जीवनसत्त्व आहे, मग जास्त झाले म्हणून काय बिघडणार, ही समजूत या बाबतीत अजिबात लागू पडत नाही.

लक्षणांची अडचण अशी की त्यांतले एकही फक्त याच आजाराचे नाही. तहान वाढते आणि लघवीला वारंवार जावे लागते, कारण वाढलेल्या कॅल्शियममुळे मूत्रपिंडांना लघवी घट्ट करता येत नाही. मधुमेहाच्या शंकेने साखर तपासली जाते, ती ठीक निघते आणि शोध तिथेच थांबतो. शौचाला साफ होत नाही म्हणून चूर्ण घेतले जाते, भूक मंदावून मळमळते म्हणून पित्ताचे औषध. स्नायूंत जोर राहत नाही, जिना चढताना पाय भरून येतात, लक्ष लागत नाही, विसरायला होते, मन खिन्न राहते. ही सगळी गाऱ्हाणी वेगवेगळ्या डॉक्टरांपुढे वेगवेगळ्या वेळी मांडली जातात आणि एका माणसाची म्हणून ती कोणी एकत्र वाचत नाही. वारंवार होणारे मुतखडे आणि किरकोळ धक्क्याने मोडणारे हाड या दोन गोष्टी तरी कॅल्शियम तपासल्याशिवाय सोडू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रमाण 12च्या आत असेल तर अनेकांना काहीच जाणवत नाही. 14च्या वर गेले तर ती तातडीची वेळ समजावी. गुंगी, भ्रम, हृदयाच्या ठोक्यांत अनियमितता आणि शेवटी बेशुद्धी येऊ शकते. मात्र आकड्याइतकाच त्याच्या चढण्याचा वेगही महत्त्वाचा असतो. वर्षानुवर्षे हळूहळू वाढलेले 12 एखाद्याला सहन होते, तर चार-आठ दिवसांत तेवढेच वाढले तर दुसरा माणूस गळून जातो. उलट्या आणि जास्त लघवीने शरीरातले पाणी घटते, पाणी घटल्याने मूत्रपिंडे कॅल्शियम बाहेर टाकू शकत नाहीत आणि ते आणखी चढते. आधीच कॅल्शियम वाढलेल्या माणसाला उलट्या-जुलाब झाल्यास म्हणूनच वेळ दवडू नये.

एकच अहवाल पाहून घाबरून जाण्याचेही कारण नाही. नमुना घेताना दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवला, तर आकडा थोडा फुगू शकतो. शिवाय रक्तातले जवळजवळ निम्मे कॅल्शियम प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, किंवा इतर घटकांना बांधलेले असते आणि प्रत्यक्ष कामाचे असते ते मोकळे कॅल्शियम. अल्ब्युमिन कमी असलेल्या रुग्णात एकूण आकडा सामान्य दिसूनही मोकळे कॅल्शियम वाढलेले असू शकते. म्हणून तपासणी पुन्हा करावी, सोबत अल्ब्युमिन पाहावे आणि शंका उरल्यास मोकळे, म्हणजे आयनीभूत, कॅल्शियम मोजावे.

वाढ खरी ठरली की पुढची चाचणी पॅराथायरॉइड संप्रेरकाची. ते वाढलेले असेल तर रोख ग्रंथींकडे जातो. अगदी दबलेले असेल तर कर्करोग, ड जीवनसत्त्व आणि इतर कारणांचा शोध घ्यावा लागतो. इथे एक चूक मी वारंवार पाहिली आहे. कॅल्शियम 11च्या पुढे असते, संप्रेरकाचा आकडा छापील मर्यादेत बसतो आणि रुग्णाला सगळे ठीक असल्याचे सांगितले जाते. वास्तविक एवढे कॅल्शियम असताना संप्रेरक दबलेले असायला हवे होते. ते मर्यादेत असणे हीच बिघाडाची खूण असते. हे दोन्ही आकडे एकमेकांशेजारी ठेवूनच वाचायला हवेत. त्यानंतर सहसा 24 तासांच्या लघवीतले कॅल्शियम मोजतात, कारण काही कुटुंबांत आनुवंशिकतेने कॅल्शियम थोडे वाढलेले आणि लघवीत मात्र कमी असते. अशांना ग्रंथीच्या शस्त्रक्रियेचा उपयोग होत नाही आणि बहुधा कसल्याच उपचाराची गरज नसते.

उपचार कारणानुसार ठरतात. तातडीच्या वेळी शिरेतून सलाइन देऊन शरीरातले पाणी भरून काढतात आणि हाडांची झीज रोखणारी औषधे देतात. त्यांपैकी झोलेड्रॉनिक आम्लासारख्या औषधाचा परिणाम दिसायला दोन-चार दिवस लागतात. ड जीवनसत्त्वाच्या अतिरेकात स्टेरॉइड उपयोगी पडतात. पॅराथायरॉइडची गाठ काढून टाकणे हाच तिच्यावरचा कायमचा इलाज आहे. वय 50च्या आत असेल, हाडे ठिसूळ झाली असतील, मुतखडे असतील किंवा मूत्रपिंडांचे काम मंदावले असेल, तर शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो. इतरांना नियमित तपासण्या करत थांबता येते.

दूध बंद करावे का, हा प्रश्न मला सर्वाधिक विचारला गेला. नेहमीच्या आहारातल्या कॅल्शियममुळे निरोगी माणसाचे रक्तातले कॅल्शियम सहसा वाढत नाही, कारण आतडी आणि मूत्रपिंडे जास्तीचे कॅल्शियम सांभाळून घेतात. पॅराथायरॉइडच्या विकारात तर आहारातले कॅल्शियम फार तोडल्यास ग्रंथी आणखी चेकाळतात आणि हाडांतून अधिक ओढून घेतात. ड जीवनसत्त्वाच्या अतिरेकात किंवा सार्कॉइडोसिसमध्ये मात्र आहारावर बंधन घालावे लागते. तेव्हा कारण कळण्याआधी आहारात मनाने फेरफार करू नयेत. मनाने घेत असलेल्या कॅल्शियमच्या आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या तेवढ्या थांबवून डॉक्टरांना दाखवाव्यात.

वाचकांना एक विनंती अशी की जुने अहवाल टाकून देऊ नका. पाच-सात वर्षांपूर्वीच्या कागदावरही कॅल्शियम 10.8 किंवा 11 असेल, तर तज्ज्ञाचा कल पॅराथायरॉइडकडे झुकतो. गेल्या वर्षी 9.4 असलेले आज 13 झाले असेल, तर त्याच दिवशी धावपळ सुरू करावी लागते. आणि प्रयोगशाळांतल्या माझ्या सहकाऱ्यांना विनंती अशी की वाढलेल्या कॅल्शियमपुढे नुसती खूण करून थांबू नये. ‘तपासणी पुन्हा करावी, सोबत अल्ब्युमिन आणि पॅराथायरॉइड संप्रेरक पाहावे’ एवढी एक ओळ अहवालाखाली छापायला काहीच खर्च येत नाही, आणि 14च्या वरचा आकडा दिसल्यास रुग्ण अहवाल न्यायला येण्याची वाट न पाहता डॉक्टरांना लगेच दूरध्वनी करावा.

आपला,
एक निवृत्त पॅथॉलॉजिस्ट