माझ्या निर्माती मैत्रिणीचे जाहीर आभार

प्रिय मैत्रिणी,

आपला चित्रपट पाहून लोक माझ्या दिग्दर्शनाचं कौतुक करतात आणि तुझ्याविषयी एवढंच विचारतात, की तिने पैसे कुठून उभे केले? पैसे तू उभे केलेसच. पण पडद्यावर जे दिसतं त्यातलं कितीतरी तुला सुचलेलं आहे. ते सगळ्यांना कळावं म्हणून हे पत्र उघडपणे लिहितेय.

बहीण-भावाच्या भांडणाचा प्रसंगच घे. मी तो लिहिला होता रात्री, भर पावसात. रात्रीचं शूटिंग म्हणजे जनरेटर, मोठे लाइट, वाढीव माणसं. त्यात पाऊस म्हणजे पाण्याचे टँकर, आणि प्रत्येक टेकनंतर कोरडे कपडे, पुन्हा मेकअप. दुसरं कुणी असतं तर बजेटचा कागद पुढे सरकवून मोकळं झालं असतं. तू विचारलंस, "या भांडणात पाऊस काय करतोय?" मी म्हटलं, पावसामुळे दोघांना तिथून निघून जाता येत नाही. "मग त्यांना दुसरीकडे कुठे अडकवता येईल?" त्यावर आपण संध्याकाळभर बोलत बसलो. शेवटी प्रसंग बंद पडलेल्या गाडीत गेला, दिवसाउजेडी, मागच्या सीटवर आई झोपलेली असताना. दोघांना आवाज चढवता येईना. ते कुजबुजतं भांडण चित्रपटातला सर्वांत चांगला प्रसंग आहे असं मला मनापासून वाटतं, आणि तो तुझ्या एका प्रश्नातून आला.

शेड्यूलचंही तेच. पटकथेचं पान आठ भागांत मोजून दिवसाचं काम ठरवायची पद्धत आहे. त्या हिशेबाने जेमतेम अर्ध्या पानाचा प्रसंग तासा-दोन तासांत उरकायला हवा होता. तू त्याला अख्खा दिवस दिलास, कारण आई तिथे पहिल्यांदा खोटं बोलते आणि त्या अभिनेत्रीला घाई करायची नाही, हे तू पटकथा वाचतानाच ओळखलं होतंस. तो वेळ तू प्रवासाच्या दृश्यांतून काढलास. याला मी दिग्दर्शनच म्हणते.

लाइटमन, स्पॉट बॉय, ड्रायव्हर यांचे पैसे ठरल्या दिवशी मिळाले आणि आपलं मानधन सर्वांत शेवटी. संगीताचे हक्क तू फक्त महोत्सवांपुरते न घेता सुरुवातीलाच सगळ्या माध्यमांसाठी घेतलेस. छोट्या कंपन्यांचे चित्रपट नेमके इथे अडकून पडतात.

आणि तो शेवट! तुला तो पटला नव्हता, एडिटिंगच्या वेळी आपण त्यावरून किती वाद घातला. पण वितरकाने शेवट बदला म्हटल्यावर तूच तो असा समजावून सांगितलास, की मला बोलायची गरजच उरली नाही. न पटलेल्या गोष्टीसाठी, ती आपल्या जोडीदाराची आहे म्हणून, इतक्या ताकदीने कुणी उभं राहतं हे मी पहिल्यांदा पाहिलं. यासाठीचे आभार कसे मानायचे, मला खरंच कळत नाही.

ब्रिटनमधले चित्रपटकार मायकल पॉवेल आणि एमेरिक प्रेसबर्गर यांनी 1940च्या दशकात 'द आर्चर्स' ही कंपनी काढली. सेटवर दिग्दर्शन मुख्यतः पॉवेल करायचे, कथेची बांधणी बरीचशी प्रेसबर्गर यांची. तरी श्रेयनामावलीत लेखन, निर्मिती आणि दिग्दर्शन या तिन्हींसाठी दोघांची नावं एकत्र यायची. कोणतं काम कुणाचं, याची वाटणी त्यांनी पडद्यावर केली नाही.

नव्या चित्रपटाचा करार तुला पाठवलाय. श्रेयाच्या कलमात तिन्ही ठिकाणी आपली दोघींची नावं आहेत. तू हरकत घेशील, मला माहीत आहे. या वेळी मी ऐकणार नाही. सही करून पाठव.

तुझी,
दिग्दर्शक मैत्रीण