सगळे टीकाकार एकाच माळेचे मणी नाहीत

संपादक महोदय,

इस्रायल लॉबीवरच्या (म्हणजे अमेरिकेत इस्रायलच्या बाजूने दबाव आणणाऱ्या गटांवरच्या) तुमच्या लेखात मिअरशायमर आणि वॉल्ट या अमेरिकी प्राध्यापकांवर तुटून पडलेल्या सगळ्यांना एकाच रांगेत उभं केलंय ते काही पटलं नाही. मार्च 2006 मध्ये अमेरिकेचं मध्यपूर्व धोरण ही लॉबीच वळवते असं मांडणारा त्यांचा निबंध लंडन रिव्ह्यू ऑफ बुक्समध्ये आला (आधी अटलांटिक मासिकानेच मागवला आणि मग नको म्हटलं, घ्या!) तेव्हा प्राध्यापक एलियट कोहेननी वॉशिंग्टन पोस्टमध्ये सरळ ज्यूद्वेषाचा शिक्का मारला, हार्वर्ड विद्यापीठाने (वॉल्ट तिथलेच) या पेपरवरचा आपला लोगो काढला, हे खरंच. पण विचारवंत नोम चॉम्स्कींचं काय? इस्रायलवर वर्षानुवर्षं टीका करणारा माणूस, त्यांनाही हा युक्तिवाद पटला नाही, कारण तेल आणि अमेरिकेचे स्वतःचे हितसंबंध सोडून सगळं खापर लॉबीवर फोडलं की वॉशिंग्टनवाले आपोआप सुटतात. आता हाही लॉबीचा दबाव का? मला तर लॉबीने इराक युद्धाकडे ढकललं हा त्यांच्या निबंधातला भागच कच्चा वाटतो, तेव्हाचे उपाध्यक्ष चेनी आणि संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांना कुणी ढकलायची गरज होती असं वाटत नाही. मात्र अमेरिकी काँग्रेसमध्ये एआयपॅक या इस्रायल-समर्थक संघटनेचा वचक आहे हा मुद्दा शिक्के मारणाऱ्यांना काही खोडता आला नाही, तेवढं मिअरशायमर-वॉल्टच्या पदरात टाकायलाच हवं.

– एक वाचक, सांगली