गार इंजिन बघ, मग किमतीचं बोल

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले पिकअपचे फोटो काल रात्री मोठे करून करून पाहिले. गाडी दिसायला छान आहे, हौदाही सरळ दिसतो. पण बॉनेटखालच्या फोटोपाशी मी थांबलो. इतकी वर्षं राबलेलं डीझेल इंजिन आणि त्यावर धुळीचा कण नाही! कोणीतरी ते नुकतंच धुऊन काढलंय. विकणाऱ्याला मी दोष देत नाही, विकायची गाडी माणूस धुतोच. पण धुतलेल्या इंजिनावर तेल कुठून पाझरतं ते दिसत नाही. म्हणून टॉर्च घेऊन जा आणि दोनदा खाली वाक: एकदा गेल्या गेल्या, आणि एकदा गाडी अर्धा तास चालवून आणल्यावर. गळती असेल तर ताजी ओल दुसऱ्या वेळी बऱ्याचदा सापडते.

जाशील ती सकाळी लवकर जा. ‘मी येईपर्यंत गाडी चालू करू नका’ असं आधी सांगून ठेव. तरीही पोचल्यावर पहिलं काम इंजिनावर हात ठेवण्याचं. कोमट लागलं तर नम्रपणे दुसरा दिवस ठरव आणि परत ये. यात मुलाहिजा ठेवू नकोस. माझ्या पहिल्या गाडीच्या वेळी मी भर दुपारी गेलो होतो. तापलेलं इंजिन अर्ध्या सेल्फमध्ये चालू झालं, मी खूश झालो आणि व्यवहार करून टाकला. दुसऱ्या दिवशी पहाटे सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली, गाडी काही चालू होईना. इंजिन खोललं तेव्हा पिस्टनच्या रिंगा आणि पिस्टन ज्यात वरखाली होतो तो बोअर, दोन्ही झिजलेले निघाले.

यामागचं कारण तुला माहीत असू दे. डीझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन आतली हवा साधारण १५ ते २० पट दाबतो, दाबानेच ती इतकी तापते की त्यात डीझेल फवारलं की पेट घेतं. रिंगा झिजल्या की दाब निसटतो आणि गार इंजिनात हवा पुरेशी तापतच नाही. इंजिन आधीच गरम असेल तर हा दोष झाकला जातो. गारठ्यात ग्लो प्लग, म्हणजे आतली हवा तापवणाऱ्या कांड्या, मदत करतात, म्हणून चावी फिरवल्यावर त्यांचा दिवा विझेपर्यंत थांब, मगच सेल्फ मार. एवढं करूनही फार वेळ घेत असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे हाच दाब, तपासून घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही.

चालू होताना तू समोर नको, सायलेन्सरपाशी उभी राहा. पहिला पांढुरका धूर मिनिटभरात विरला तर चालतं. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि त्याला गोडसर वास असेल, तर कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, आत जळतंय. इंजिनाचं वरचं झाकण म्हणजे हेड, ते किंवा त्याखालचं गॅस्केट गेलं असेल. कच्च्या डीझेलचा वास आला तर डीझेल फवारणाऱ्या इंजेक्टरवर संशय घे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. लांब उतारावर ॲक्सिलरेटर सोडून गाडी येऊ दे, मग पाय दे आणि आरशात बघ: तेव्हाच निळा धूर उठला तर बहुतेक व्हॉल्व्हकडून ऑइल उतरतंय. काळा धूर म्हणजे डीझेल जास्त, हवा कमी. कधी नुसता एअर फिल्टर चोंदलेला असतो, कधी इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोचा पाइप फाटलेला, कधी इंजेक्टर खराब. त्यामुळे काळ्या धुराला एकदम घाबरू नकोस, पण कारण कळल्याशिवाय सोडूही नकोस.

इंजिन चालू असतानाच ऑइल भरायचं झाकण उघड आणि तिथेच उलटं ठेव. थोडं थरथरलं तर हरकत नाही. ते उडायला लागलं किंवा तिथून धूर भसाभस यायला लागला, तर पेटलेला वायू रिंगांमधून खाली येतोय. मेकॅनिक याला ब्लो-बाय म्हणतात. माझ्या त्या गाडीला हे एवढं एक करून पाहिलं असतं तरी मी वाचलो असतो.

ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीवर, डिपस्टिकवर, ऑइल काळं दिसेल. डीझेलमध्ये ते बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं, तो दोष नव्हे. दुधाळ दिसलं तर पाणी मिसळलंय. आणि पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल, वास डीझेलचा येत असेल, तर ही खूण फार महत्त्वाची आहे. नव्या डीझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळायला ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं, त्यासाठी इंजिन जादा डीझेल सोडतं. गाडी कायम जवळच्याच फेऱ्या मारत असेल तर जळण्याचं काम अर्धवट राहतं आणि ते डीझेल पिस्टनच्या कडेने ऑइलमध्ये उतरतं. पातळ झालेलं ऑइल टर्बो आणि बेअरिंग दोन्ही खातं. म्हणून गाडी कुठे आणि कशी चालली ते विचार. नुसत्या किलोमीटरवरून हे कळत नाही. अशा गाडीच्या धुराड्यात बोट फिरव. जाड काजळी लागली तर फिल्टर फुटलाय किंवा कोणी काढून टाकलाय, आणि तशी गाडी प्रदूषण तपासणीत अडकू शकते.

आता चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा. इंजिन बदलता येतं, वाकलेल्या किंवा कुजलेल्या चॅसीवर मात्र मी एक पैसाही घालू देणार नाही. मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे जिथे अडकवलेले असतात तिथे तडे आणि नवी वेल्डिंग शोध. एखादा जादा पाटा चढवलेला दिसला, किंवा पाटे सपाट होऊन उलटे झुकले असतील, तर गाडीने झेपेल त्याहून जास्त भार ओढलाय. खालून ताजा काळा रंग मारलेला असेल तर जाड स्क्रू ड्रायव्हरने दाबून बघ; गंजलेला पत्रा आत जातो. हौद्यात अस्तर असेल तर ते उचलायला सांग.

चालवताना वरच्या गिअरमध्ये हळू जाऊन एकदम ॲक्सिलरेटर दाब. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग नाही चढला तर क्लच घसरतोय. टर्बोची बारीक शीळ चालते, सायरनसारखं रडणं चालत नाही. फोर व्हील ड्राइव्ह लावून बघ, पण मातीवर. कोरड्या डांबरावर लावून वळवलीस तर गिअर-शाफ्टवर विनाकारण ताण येतो.

गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेल्या चुका वाचणारा स्कॅनर लावणारा माणूस सोबत ने. एकही चूक दिसली नाही तर लगेच समाधान मानू नकोस, आदल्या दिवशी सगळं पुसलेलंही असू शकतं. चूक पुसल्यापासून गाडी किती चालली ते बऱ्याच गाड्यांत स्कॅनर दाखवतो, ते विचार. मीटरचा आकडा पेडलच्या रबराशी आणि स्टिअरिंगच्या झिजेशी जुळतो का बघ. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा इंजिनातला पट्टा) असेल तर बदलल्याची पावती माग. पावती नाही तर नवा बेल्ट टाकायचा खर्च किमतीतून वजा धर. चॅसी नंबर कागदाशी अक्षर न् अक्षर जुळव आणि गाडीवर कर्ज शिल्लक नाही याची खात्री कर.

गार इंजिन पहिल्यांदा चालू होतं तो आवाज मोबाइलवर रेकॉर्ड कर, एकदा बॉनेटपाशी आणि एकदा मागे. लगेच मला पाठव. मी ऐकून फोन करेपर्यंत बयाणा देऊ नकोस.

तुझे,
बाबा