आतली डिस्क गेलेला लॅपटॉपही द्या, तो बाहेरच्या डिस्कवर चालतो

सप्रेम नमस्कार.

घरात एखादा जुना लॅपटॉप पडून आहे का? चार्जर लावला की दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पुढे काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ एवढंच येतं आणि गाडी तिथेच अडते, असा लॅपटॉप? तो भंगारात घालू नका. वाचनालयाच्या संगणक गटाला द्या. सोबत वापरात नसलेली एक्स्टर्नल डिस्क, एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क), केसिंग (डिस्क आत घालून यूएसबीला जोडायची डबी), केबल असं जे काही सापडेल तेही द्या. आणि यंत्र उघडून बघण्याची आवड असेल तर तुमचे दोन तास द्या.

हे का मागतोय ते एका लॅपटॉपवरून सांगतो. कॉलेजात नुकतीच गेलेली एक मुलगी मोठ्या भावाचा जुना लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आली. दुरुस्तीला नेला होता, तिथे सांगितलं होतं की आता यात काही राम नाही, नवीनच घ्या. नवीन घेणं घरी शक्य नव्हतं. आम्ही तो सुरू केला आणि तळाशी कान लावला. आतून ठराविक अंतराने टक्, टक्, टक् असा आवाज येत होता. हार्ड डिस्कचं डोकं आपली जागा शोधायला जातं, सापडत नाही, परत येतं, त्याचा तो आवाज. स्क्रू काढून ती डिस्क बाहेर घेतली. मग केसिंगमध्ये घातलेली एक एसएसडी डावीकडच्या यूएसबी पोर्टला लावली, पॉवरचं बटण दाबलं आणि लगेच एफ१२ दाबत राहिलो. छोटी यादी आली, त्यात ‘यूएसबी एचडीडी’ अशी ओळ होती, तिच्यावर एंटर मारलं. थोड्या वेळाने समोर डेस्कटॉप. स्क्रीन स्वच्छ, कीबोर्डाची सगळी बटणं चालू, प्रोसेसर आणि रॅम ठणठणीत. गेली होती ती फक्त डिस्क, आणि अख्खं यंत्र टाकून द्यायची वेळ आली होती.

ती मुलगी गेल्यावर आम्ही बराच वेळ याच विषयावर बोलत बसलो आणि त्यातून एक योजना ठरली. लॅपटॉप वाचनालयाचे राहतील, आत डिस्क नसलेले. प्रत्येक विद्यार्थ्याला मात्र स्वतःची एक बाहेरची डिस्क मिळेल. त्याची पूर्ण सिस्टीम, त्याच्या फाइली, त्याचे प्रोग्रॅम, त्याचा पासवर्ड सगळं त्या डिस्कवर. यायचं, मोकळा असेल तो लॅपटॉप घ्यायचा, डिस्क लावायची, काल जिथे काम सोडलं तिथून पुढे सुरू करायचं, जाताना डिस्क खिशात. कोणाचं काम कोणाच्या हाती लागत नाही, कोणाच्या चुकीने दुसऱ्याचा अभ्यास पुसला जात नाही. थोडे लॅपटॉप पुष्कळ मुलांना पुरतात. लॅपटॉपपेक्षा आम्हाला डिस्क जास्त लागणार आहेत, त्या यामुळे.

सध्या असे लॅपटॉप घरोघरी बाजूला पडतायत, त्यालाही कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, किमान ४ जीबी रॅम लागते, आणि इंटेलचा असेल तर प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा लागतो. त्याआधीची यंत्रं धडधाकट असूनही या अटींत बसत नाहीत. त्यांच्यावर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम उत्तम चालते. शिवाय नेहमीचं विंडोज बाहेरच्या यूएसबी डिस्कवर बसवायला गेलात तर इन्स्टॉलरच नकार देतो. विंडोज ८ सोबत २०१२ मध्ये ‘विंडोज टू गो’ नावाची तशी सोय मोठ्या संस्थांसाठी आली होती, २०२० मध्ये ती काढून टाकली. लिनक्सला असा अडसर नाही. नॉपिक्ससारखी लिनक्सं २००० सालापासून सीडीवरून थेट चालत आली आहेत. त्यामुळे आम्ही या डिस्कांवर लिनक्सच टाकतो, हलका डेस्कटॉप निवडून.

आता आम्हाला माणसं कशासाठी हवीत ते सांगतो, कारण हे काम ऐकायला सोपं आणि करायला किचकट आहे.

पहिली अडचण बूट मेन्यू, म्हणजे यंत्र कोणत्या डिस्कवरून सुरू (बूट) करायचं ती यादी, गाठण्याची. डेलला एफ१२. एचपीला आधी एस्केप, मग एफ९. आसुसला बहुधा एस्केप. लेनोव्होच्या थिंकपॅडला एफ१२, काही आयडियापॅडना बाजूला टाचणीने दाबायचं बारीक नोव्हो बटण. एसरमध्ये एफ१२ चा मेन्यू पुष्कळदा बंदच असतो, तो आधी एफ२ ने बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, शिरून चालू करावा लागतो. इंटेलच्या मॅकवर सुरू करताना ऑप्शन बटण दाबून धरायचं. बायोसची बटणासारखी गोल बॅटरी, सीआर२०३२, संपलेली असेल तर दर वेळी तारीख मागे जाते आणि आपण लावून ठेवलेला बूटचा क्रमही विसरला जातो. ही बॅटरी बदलली की अर्धी डोकेदुखी जाते, म्हणून तीही आमच्या मागणीत आहे.

विंडोज ८ पासून पुढच्या यंत्रांत ‘शट डाऊन’ केलं तरी फास्ट स्टार्टअपमुळे यंत्र खरं पूर्ण बंद होत नाही, आणि मग बटण कितीही दाबा, मेन्यू येतच नाही. शिफ्ट धरून रीस्टार्ट करायचं, की काम होतं. हे माहीत नसल्यामुळे आमची एक अख्खी संध्याकाळ गेली होती.

मेन्यूत डिस्क दिसली तरी ती बूट होईलच असं नाही. २०१० च्या आसपासपर्यंतच्या बहुतेक लॅपटॉपांत जुनं बायोस असतं, ते डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरवर लिहिलेला कोड शोधतं. नंतर बायोसच्या जागी आलेल्या यूईएफआयला एक फॅट३२ पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) लागतं, त्यात ‘ईएफआय’ फोल्डर, त्यात ‘बूट’ फोल्डर, आणि त्यात ठराविक नावाची फाइल, ६४ बिटसाठी ‘बूटएक्स६४’. एरवी बसवलेल्या सिस्टीमचा पत्ता यूईएफआय त्या यंत्राच्या मेमरीत लिहून ठेवतं. डिस्क दुसऱ्या लॅपटॉपला लावली की तिथे तो पत्ता नसतो, मग यंत्र फक्त ही ठराविक नावाची फाइल बघतं. आमच्या योजनेत तर डिस्क रोज वेगळ्या लॅपटॉपला लागणार. म्हणून आम्ही प्रत्येक डिस्कवर दोन्ही दारं ठेवतो: जुन्या बायोससाठी पहिल्या सेक्टरवर कोड आणि त्याला जोडून एक एमबीचं छोटं पार्टिशन, यूईएफआयसाठी वेगळं फॅट३२ पार्टिशन. एक डिस्क नीट तयार करून तीन-चार वेगवेगळ्या लॅपटॉपांवर तपासायला निवांत अर्धा दिवस जातो. इथे हात कमी पडतायत.

एक चूक आमच्याकडून झाली ती इथे सांगायलाच हवी. एका ताईंचा लॅपटॉप होता, आत त्यांचं विंडोज व्यवस्थित चालू. त्यांना लिनक्स करून बघायचं होतं म्हणून आम्ही बाहेरच्या डिस्कवर बसवून दिलं, पण आतली डिस्क तशीच जोडलेली ठेवली. इन्स्टॉलरने सिस्टीम बाहेरच्या डिस्कवर टाकली आणि सुरुवातीचा लोडर मात्र आतल्या डिस्कच्या पहिल्या सेक्टरवर लिहिला. ताईंनी घरी जाऊन बाहेरची डिस्क न लावता लॅपटॉप सुरू केला, तर पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’, म्हणजे लोडरला पुढची सिस्टीम सापडेना. त्यांना वाटलं, मुलांचे सगळे फोटो गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही विंडोजचा लोडर परत बसवला, फोटो जागेवरच होते, पण ती रात्र त्यांनी कशी काढली असेल याचं आम्हाला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून नियम केला आहे: बाहेरच्या डिस्कवर काही बसवायचं तर आतली डिस्क आधी काढायची, किंवा बायोसमधून बंद करायची. कोणीही घरी हा प्रयोग करणार असेल त्यानेही हे पाळावं. आणि लॅपटॉपवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर सिक्युअर बूटला (अनोळखी सिस्टीम सुरू होऊ न देणारी सोय) हात लावण्याआधी ४८ आकडी रिकव्हरी की जवळ असल्याची खात्री करावी, नाहीतर विंडोज परत उघडताना तीच मागेल.

वस्तूंबद्दल थोडं सविस्तर, म्हणजे तुम्ही आणलेली गोष्ट उपयोगी पडेल.

एसएसडी सगळ्यात मोलाची. १२० जीबीची असली तरी एका मुलाला भरपूर झाली. लॅपटॉपमधून काढून ठेवलेली अडीच इंची साटा डिस्क असेल तर तीही आणा, आम्ही केसिंगमध्ये घालू. पेनड्राइव्हवरही सिस्टीम चालते, पण रोजच्या वापरात तो बारीक फाइली लिहिताना अडखळतो, तापतो आणि लवकर खराब होतो. म्हणून पेनड्राइव्ह आम्ही फक्त इन्स्टॉलर टाकायला वापरतो. फिरणारी एक्स्टर्नल हार्ड डिस्क चालेल, तिची एक खोड मात्र आहे. यूएसबी २.० चा पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर देतो, आणि सुरू होताना अशा डिस्कला कधीकधी त्याहून जास्त लागतं. मग ती टकटक करते आणि मेन्यूतून गायब होते. डिस्क खराब आहे असं समजून लोक ती टाकून देतात. आखूड, जाड केबल लावली किंवा दोन पोर्टमधून वीज घेणारी वाय केबल लावली तर तीच डिस्क मुकाट्याने चालते. अशी ‘खराब’ म्हणून ठेवलेली डिस्क असेल तर जरूर आणा, आम्ही तपासून सांगू.

आणखी एक: काही जुन्या लॅपटॉपांत निळा यूएसबी ३.० पोर्ट असतो, पण बूट होताना बायोसला तो दिसत नाही. शेजारच्या काळ्या पोर्टला डिस्क लावली की लगेच दिसते. यूएसबी २.० चा वेग कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात त्याहून बराच कमी. तरीही लिहिणं, वाचणं, कोडिंग शिकणं, वेबसाइट बघणं याला तो पुरतो.

लॅपटॉप देताना चार्जर आठवणीने द्या. चार्जर नसलेला लॅपटॉप आमच्याकडे नुसता पडून राहतो. बायोसला पासवर्ड लावलेला असेल तर काढून द्या किंवा चिठ्ठीवर लिहून द्या. तो नसेल तर बाहेरून बूट करायचा रस्ताच बंद होऊ शकतो. बॅटरी फुगलेली असेल, म्हणजे टचपॅड वर उचललेलं किंवा तळ फुगीर दिसत असेल, तर तो लॅपटॉप चार्जिंगला लावू नका, बॅटरीवर दाब देऊ नका आणि आणण्याआधी आम्हाला सांगा. बिजागरी तुटलेली चालेल. स्क्रीन गेलेली असेल तरी चालेल, रॅम आणि केबल कामाला येतात. फार जुनी, फक्त ३२ बिट चालणारी यंत्रं आम्ही अजून घेतो, पण ती आता अवघड होत चालली आहेत. लिनक्सचाच एक प्रकार असलेलं, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेलं डेबियन १३ त्यांच्यावर बसवता येत नाही, डेबियन १२ बसतं. यूएसबीवरून बूटच न होणाऱ्या यंत्रांना आम्ही प्लॉप नावाच्या छोट्या बूट मॅनेजरची सीडी लावून पुढे ढकलतो. त्यासाठी कोऱ्या सीडी हव्यात, कोणाकडे उरलेल्या असतील तर.

तुमच्या माहितीबद्दल काळजी वाटणं साहजिक आहे. आतली डिस्क चालू असेल तर देण्याआधी हवं ते उतरवून घ्या. डिस्क स्वतःकडेच ठेवायची असेल तर आम्ही तुमच्यासमोर काढून तुमच्या हातात देऊ, आम्हाला बिनडिस्कचा लॅपटॉपच लागतो. डिस्कसकट दिलात तर ती पूर्ण पुसल्याशिवाय कोणाच्या हाती जाणार नाही, आणि टकटक करणारी, पुसता न येणारी डिस्क तुमच्यासमोर फोडून देऊ.

ज्यांना वस्तू देणं शक्य नाही पण मदत करायची आहे, त्यांनी केसिंग आणि केबलसाठी पैसे दिले तरी चालतील. वाचनालयाची पावती मिळेल आणि त्या पैशातून काय घेतलं ते फलकावर लिहिलं जाईल. ज्यांना वेळ द्यायचा आहे त्यांना आधीचं काही येत नसलं तरी हरकत नाही. सुरुवातीला लॅपटॉपवर नाव, मॉडेल आणि बूटचं बटण लिहिलेली चिकटपट्टी लावायचं काम आहे, ते करता करता बाकीचं समजत जातं.

वाचनालय उघडं असताना कधीही या. वस्तू पुस्तक देवघेवीच्या टेबलावर द्या, आणि तिथल्या वहीत लॅपटॉपचं मॉडेल, चार्जर दिला की नाही, आणि शेवटचा कधी चालू झाला होता हे तीन रकाने भरून जा.

आपले,
संगणक गट, सार्वजनिक वाचनालय