टिटवीस, त्या त्रिकोणाबद्दल

प्रिय टिटवे,

चौदा महिने झाले तुला लिहून. तुझी दोन पत्रं टेबलाच्या खणात अगदी वर आहेत, खण उघडला की दिसतात. उत्तर लिहायला बसले की वाटायचं, एवढ्या उशिरा लिहायचं तर भरघोस तरी लिहावं, आणि ते राहून जायचं. आज भरघोस आहे. फोन केला असता, पण फोनवर तू मधे मधे बोलतेस आणि मला हे एका दमात सांगायचंय.

तब्येत बरी आहे. गुडघा आहे तसाच. ह्यांचंही ठीक.

धाकटीने नोकरी सोडली. आठ वर्षांची नोकरी, आणि दुसरी हातात नाही. मागच्या रविवारी आली आणि बॅग खाली ठेवायच्या आधी उभ्या उभ्या सांगून मोकळी झाली. मी विचारलं, पुढे काय? म्हणाली, "माहीत नाही. थोडे महिने बसून बघणार आहे, मला नक्की काय करावंसं वाटतं ते." मी काय केलं असेल ते तू ओळखलंच असशील. हाताशी एक जुनं पाकीट होतं, ते उलटं केलं आणि त्यावर त्रिकोण काढला.

तोच गं. तळाला पोट, त्यावर सुरक्षितता, त्यावर आपली माणसं, त्यावर मान, आणि शेंड्याला चिमूटभर जागेत 'स्वतःचं काही'. तू रसायनशास्त्र सोडून मानसशास्त्राला जायचं म्हणालीस तेव्हा होस्टेलमध्ये तुझ्या कॅलेंडरच्या मागे काढला होता तोच. वाक्यसुद्धा तेच: खालचं बांधून झाल्याशिवाय वरचं बांधता येत नाही. तू ते कॅलेंडर माझ्या गादीखाली सरकवलंस आणि पुढची दोन वर्षं आपण बोललो नाही. (माझी इस्त्री त्या भांडणात तुझ्याकडे राहिली ती राहिलीच. तीही परत हवी आहे.)

धाकटीने त्रिकोण नीट पाहिला. चिडली नाही, त्याचाच मला जास्त त्रास झाला. तिसऱ्या थरावर बोट ठेवून म्हणाली, "आई, इथे माणसं लिहिलंयस. मी दुसऱ्या पायरीवरून पडले, तर तू तिसरीवर असशील ना?" मी म्हणाले, हा काय प्रश्न झाला! तर म्हणाली, "सातवीत माझा पहिला नंबर हुकला आणि तिसरा आला, तेव्हा तू रात्रीपर्यंत माझ्याशी बोलली नव्हतीस."

टिटवे, मला हे आठवत नाही. तिला वर्गाचा पंखासुद्धा आठवतो, निकाल वाचत असताना तो कसा कुरकुरत होता ते. मला काहीच नाही.

ती गेल्यावर आधी राग आला. मग मी तेच केलं जे तू नेहमी म्हणतेस, रागावले की मी पुरावे गोळा करते. तिला दाखवायला म्हणून, हा त्रिकोण ज्याच्या नावावर चालतो त्या मानसशास्त्रज्ञ मास्लोचा मूळ लेख शोधून काढला, 1943 चा, 'सायकॉलॉजिकल रिव्ह्यू'मधला. तीन रात्री वाचत बसले. आणि अगं, त्यात त्रिकोणच नाही! पूर्ण लेखात एक आकृती नाही. तो त्रिकोण पुढे 1960 च्या सुमाराला व्यवस्थापनावर लिहिणाऱ्यांनी काढला. म्हणजे आपण दोन वर्षं न बोलता घालवली ती त्या माणसाने कधी न काढलेल्या चित्रापायी.

आणि लेखात आहे काय, तर मी तुला जे सांगत होते त्याच्या नेमकं उलट. तो सरळ म्हणतो, एक गरज शंभर टक्के भागली की मगच दुसरी येते असा समज करून घेऊ नका. उदाहरणासाठी आपल्या मनाने आकडे धरतो: साधारण माणसाची शरीराची गरज 85 टक्के भागलेली असेल, सुरक्षिततेची 70, प्रेमाची 50, आत्मसन्मानाची 40 आणि आत्मवास्तविकीकरणाची, म्हणजे शेंड्यावरच्या 'स्वतःचं काही'ची, 10. सगळ्या एकाच वेळी अर्ध्यामुर्ध्या. मी मात्र तुला रांग लावायला सांगत होते. शिवाय क्रम उलटणाऱ्यांची यादीच दिली आहे. कुणाला प्रेमाआधी मान लागतो. कुणाच्या हातून बाकी काही भागलेलं नसताना नवं काही घडत राहतं, त्यांना थांबवता येत नाही. ते वाचताना मला तू दिसलीस, खोलीतला दिवा गेला तरी दारातल्या उजेडात बसून वाचणारी.

एक उदाहरण मात्र माझ्या बाजूचं सापडलं आणि मी क्षणभर खूशही झाले. मान सांभाळायला नोकरी सोडणारा माणूस सहा महिने उपाशी राहिला, तर मान गेला तरी चालेल म्हणून परतही जाईल, असं तो म्हणतो. पोट खोटं नाहीच. एवढं मी अजूनही धरून आहे आणि तू मला यावरून हलवू शकणार नाहीस. पण लगेच पुढे असं आहे की ज्यांच्या गरजा आयुष्यभर, विशेषतः लहानपणी, नीट भागलेल्या असतात, त्यांच्यात पुढची ओढाताण सोसायचं विलक्षण बळ येतं. प्रेम मिळालेली माणसं तिरस्कार, नकार, छळ पचवू शकतात. तिथे माझा खुशीचा भर ओसरला. धाकटी सहा महिने काढेल की नाही हे मी तिच्या बँकेच्या पुस्तकावरून मोजत होते. हा माणूस विचारतोय, लहानपणी तिला किती मिळालं?

मिळालं असणारच, असं मी रोज रात्री स्वतःला सांगते. तापात उशाशी बसले आहे. तिच्यासाठी बदली नाकारली आहे. पण ती सगळी माझ्या खात्यातली नोंद झाली, तिच्या खात्यात काय पडलं ते मला कुठे माहीत?

मग मी रॉजर्सकडे वळले, तुझ्या लाडक्या मानसशास्त्रज्ञाकडे. तू मागे बटाट्यांची गोष्ट सांगितली होतीस ना, त्याच्या लहानपणच्या घराच्या तळघरातली? खिडकी वर, लांब, तरी हिवाळ्यासाठी साठवलेल्या बटाट्यांना त्या उजेडाच्या दिशेने पांढुरके कोंब फुटायचे. तेव्हा आपल्या जाडीने विचारलं होतं, "मग पुढे ते उकडले की नाही?" आणि आपण तिघी हसून हसून लोळलो होतो. परवा रात्री ते कोंब आठवून मला झोप आली नाही. तो म्हणतो, वाढायची ओढ जिवात मुळातच असते, बाहेरून घालावी लागत नाही. मोठी माणसं करतात एवढंच की प्रेमाला अटी लावतात. असं वागलास तर तू चांगला, तसं वागलास तर नाही. मग मूल हळूहळू स्वतःला काय वाटतं ते ऐकणं सोडतं आणि अटी पाळत मोठं होतं. धाकटी बत्तिसाव्या वर्षी म्हणते, मला काय करावंसं वाटतं ते बसून बघायचंय. हे तिला आधीपासून माहीत का नाही, याचं उत्तर माझ्यापाशी येऊन थांबतं.

तुला आठवतं, ती पाच वर्षांची असताना पुस्तकांवर तुटून पडायची? आणि मी पुस्तकामागे एक बक्षीस सुरू केलं होतं? तू म्हणाली होतीस, बंद कर. तू मला डेसी या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोगही सांगितलास, 1971 चा: कोडं सोडवायचे पैसे मिळालेले विद्यार्थी पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात त्या कोड्याला कमी हात लावायला लागले. मी तुला म्हणाले होते, स्वतःला मूल झालं की मग सांग. ते वाक्य मी परत घेते. सत्तावीस वर्षं उशीर झाला, पण घेते. ते फार लागेल असं मी बोलले होते आणि तू काही न बोलता पाण्याचा तांब्या भरायला उठून गेलीस.

सगळ्यात भिववलं ते वेगळ्याच गोष्टीने. माणसाला प्रेम आणि आपलेपणा लागतो हे जगाला सांगणारा मास्लो स्वतःच्या आईच्या अंत्यविधीला गेला नाही. आयुष्यभर तिच्याबद्दल त्याच्या मनात कडवटपणाच राहिला. मी त्या बाईचा विचार करत राहिले. तिलाही काही आठवत नसेल का?

तुझं लिहायचं राहिलं. सासूबाईंचं कळलं, तेव्हाच लिहायला हवं होतं. नव्या घरात उजेड आहे का? समुपदेशन केंद्रात आठवड्याचे तीनच दिवस जातेस हे बरं केलंस, कंबर सांभाळ. थोरली तुझी आठवण काढते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. धाकटी शनिवारी पुन्हा येणार आहे. पाकीट तिने जाताना टेबलावर ठेवलं, मी फाडलेलं नाही. तिला काय म्हणू? 'आठवतं' म्हणाले तर खोटं होईल. 'आठवत नाही' म्हणाले तर तिला वाटेल, मी नाकारतेय. आणि न आठवणाऱ्या गोष्टीची माफी मागितली तर ती तिला खरी वाटेल का?

म्हणून तुला विचारते, कारण दुसरं कुणी नाही विचारायला. सातवीच्या निकालाच्या त्या आठवड्यात तू आमच्याकडे राहायला होतीस. ती म्हणते, त्या संध्याकाळी टिटवीमावशीने माझी वेणी घालून दिली, दोनदा, उगाच सोडून परत. तू का घातलीस दोनदा? मी कुठे होते? तू काय पाहिलंस ते मला जसंच्या तसं लिही. मला सांभाळून घेऊ नकोस, मला काय वाटेल ते बघू नकोस, होस्टेलमध्ये बोलायचीस तसं बोल.

शनिवारच्या आत पोचेल असं पाठव. नाहीतर फोन कर, मी मधे बोलणार नाही.

तुझी,
साळुंकी