डीम्ड म्हणजे काय तेही छापा की

संपादक साहेब, नमस्कार.

निकाल लागले की तुमच्या पेपरात अॅडमिशनचं पान येतं, फोटो, कोर्सची भली मोठी यादी, आणि सगळ्यांना सरसकट 'विद्यापीठ' म्हणून टाकलेलं. आम्हा बेळगावकरांचा गोंधळ तिथूनच सुरू होतो बघा.

आमच्या घरातलंच सांगतो. आजोबा लिंगराज कॉलेजला शिकले, डिग्री मुंबई विद्यापीठाची, कारण तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात. मी आरपीडी कॉलेजचा, माझ्या सर्टिफिकेटवर धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ, आणि पुतण्याच्या सर्टिफिकेटवर राणी चन्नम्मा विद्यापीठ, जे २०१० ला झालं. गाव तेच, शिक्के तीन!

इथल्या केएलई शिक्षणसंस्थेच्या मेडिकल कॉलेजचं पण तसंच. संस्था १९१६ ची, सात शिक्षकांनी मिळून काढलेली, सुरुवात एका शाळेपासून. तिचं मेडिकल कॉलेज जेएनएमसी १९६३ ला आलं, आधी धारवाडच्या विद्यापीठाला जोडलेलं, मग बेंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विद्यापीठाला, आणि २००६ पासून केएलईच्याच डीम्ड, म्हणजे अभिमत विद्यापीठात. डेंटल, फार्मसी, नर्सिंग, फिजिओथेरपी आणि शहापूरचं १९३३ चं आयुर्वेद कॉलेज, हे सगळं आता त्यातच. २०१७ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की डीम्डवाल्यांनी नावात 'युनिव्हर्सिटी' लावायचं नाही, म्हणून केएलई युनिव्हर्सिटीचं अकॅडमी ऑफ हायर एज्युकेशन अँड रिसर्च झालं. लोकांना वाटलं मान्यताच गेली! तसं काही नव्हतं, फक्त नाव बदललं, डिग्री द्यायचा अधिकार होता तसाच राहिला.

डीम्ड म्हणजे यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, १९५६ च्या कायद्याखाली केंद्रानं दर्जा दिलेली संस्था, आणि प्रायव्हेट युनिव्हर्सिटी म्हणजे राज्याच्या विधिमंडळानं कायदा करून काढलेली. राणी चन्नम्माला कशी गावोगावची कॉलेजं जोडलेली असतात, तसं या दोघांचं नसतं.

आता म्हणाल आम्हाला काय करायचंय त्याचं. आमच्या शेजारच्या पोरीनं नीट दिली, मार्क बरे होते, घरचे रोज फक्त केईएची, म्हणजे कर्नाटकच्या परीक्षा प्राधिकरणाची, साईट बघत बसले की कॉलेज गावातलं आहे म्हणजे फॉर्म कर्नाटकचाच असणार, आणि डीम्डच्या सीट दिल्लीच्या एमसीसीच्या, म्हणजे मेडिकल कौन्सिलिंग कमिटीच्या, कौन्सिलिंगला असतात हे कुणी सांगितलंच नाही त्यांना, कळलं तोवर रजिस्ट्रेशनची तारीख गेली होती. चूक त्यांचीच, मान्य आहे. पण वडील गवंडी, इंग्रजी माहितीपत्रक वाचायचं कुणी आणि कानडी तर त्याहून लांब, त्यांच्या हातात रोज येतो तो तुमचा पेपर.

म्हणून विनंती, यंदा त्या पानावर प्रत्येक नावापुढं एवढंच छापा: सरकारी, प्रायव्हेट का डीम्ड, आणि फॉर्म कुठं भरायचा. फोटो एखादा कमी केला तरी चालेल. आणि हो, केएलईच्या त्या डीम्डमध्ये संगीताचंही शिक्षण मिळतं, तेही टाका, आमच्या वडगावात पेटी-तबला वाजवणारी पोरं कमी नाहीत.

— एक जुना वाचक, वडगाव, बेळगाव