अठराव्या वर्षानंतर राहायचे कुठे?

महोदय,

तरुणांच्या बेघरपणाची चर्चा होताना बालगृहातून १८ व्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलामुलींचा विचार क्वचितच होतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४६ मध्ये त्यांच्यासाठी आर्थिक साहाय्याची तरतूद आहे, परंतु मुंबई-पुण्यात खोली घ्यायची तर घरमालक अनामत रक्कम, कायमचा पत्ता आणि पालकांची हमी मागतो, आणि नेमके तेच या मुलांकडे नसते (असते तर ती बालगृहात कशाला आली असती?). राज्याने २०१८ मध्ये अनाथांना दिलेले १ टक्का आरक्षण स्वागतार्हच. मात्र नोकरी लागेपर्यंत झोपायचे कुठे, याचे उत्तर त्यात नाही. महिला व बालविकास विभागाने अनुरक्षणगृहे (बालगृह सोडलेल्या तरुण-तरुणींसाठीची निवासगृहे), विशेषतः मुलींसाठी, वाढवावीत आणि भाडेकरारात हमीदार म्हणून स्वतः उभे राहावे.

– एक वाचक, पुणे